जर्मन दीर्घ सामासिक विशेषणे : अक्षरविभाग आणि शब्दघटना

१

जर्मन भाषेतील लांबलचक शब्द हा परकीयांच्या थट्टेचा जुना विषय आहे. मार्क ट्वेनने १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनाच्या पुरवणीत ह्या शब्दांची मनसोक्त टर उडविली, आणि आजही जर्मनचा नवा विद्यार्थी वर्गात येतो तो बहुधा अशीच काही थट्टा ऐकून. शिक्षकाचे त्यावरील उत्तरही ठरीव असते : भिऊ नका, शब्द तोडा. सल्ला चांगला आहे. पण शब्द तोडावयाचा म्हणजे कोठे तोडावयाचा, हे क्वचितच सांगितले जाते. शब्द दोन रीतींनी तुटतो. उच्चाराच्या अंगाने पाहिले तर त्याची अक्षरे पडतात. अर्थाच्या अंगाने पाहिले तर त्याचे घटक पडतात. ह्या दोन रीती एकच आहेत असे काही जण गृहीत धरतात. त्यांचा परस्परांशी कसलाही संबंध नाही असे दुसरे काही जण समजतात. दोन्ही समजुती सदोष आहेत, आणि त्यांतील दोष दीर्घ सामासिक विशेषणांच्या परीक्षणातून जितका स्पष्ट होतो तितका अन्यत्र होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ह्या मतापर्यंत मी एका चुकीतून आलो, तेव्हा ती प्रथम सांगणे योग्य होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका परीक्षेत मी 'फार्बिग' (रंगीत) आणि 'फार्बएख्त' (पक्क्या रंगाचा, रंग न जाणारा) ह्या दोन विशेषणांचा अक्षरविभाग विचारला होता. एका विद्यार्थिनीने पहिल्याचा विभाग 'फार-बिग' असा केला आणि दुसऱ्याचा 'फार्ब-एख्त' असा. मूळ शब्द दोन्हीकडे एकच, 'फार्बे' म्हणजे रंग. मग एका ठिकाणी 'ब' पुढे ढकलावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणी मागे ठेवावयाचा, ही मला विसंगती वाटली. "मूळ शब्द मोडला" असा शेरा मारून मी गुण कापला. विद्यार्थिनीचे उत्तर दोन्ही ठिकाणी बरोबर होते; विसंगती माझ्या विचारात होती. ती कशी, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रारंभी दोन खुलासे करणे अवश्य आहे. 'अक्षर' ह्या शब्दाने मराठीत लेखनातील चिन्ह आणि उच्चारातील एकक असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. 'दुमजली' हा शब्द लिहिताना चार अक्षरांचा आहे, पण बोलताना तो 'दु-मज्-ली' असा तिहींचाच होतो. ह्या लेखात 'अक्षर' हा शब्द सर्वत्र उच्चारातील एकक ह्या अर्थीच योजिला आहे. दुसरे असे की, जर्मन शब्द येथे मूळ लेखनातील वर्णांना धरून देवनागरीत दिले आहेत. उच्चार त्याहून भिन्न असेल आणि तो भेद विवेचनास आवश्यक असेल, तेथे तो वेगळा सांगितला आहे. अक्षरांच्या सीमा आडव्या रेघेने आणि घटकांच्या सीमा अधिक चिन्हाने दाखविल्या आहेत.

२

दीर्घ शब्दांची चर्चा सहसा नामांभोवती फिरते. जर्मनीतील मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न ह्या राज्यात गोमांसावरील लेबलांच्या देखरेखीची कामे सोपविण्याविषयी १९९९ साली झालेल्या कायद्याचे एकशब्दी नाव त्रेसष्ट वर्णांचे होते. २०१३ साली हा कायदा रद्द झाला तेव्हा त्या शब्दाच्या निधनाची वार्ता जगभर छापली गेली. अशी नामे कौतुकापुरती ठीक. परंतु व्याकरणदृष्ट्या ती फारशी बोलकी नसतात. तीच तीच क्रिया पुनःपुन्हा केल्याने ती लांबलेली असतात. विशेषणाचे तसे नाही. त्याच्या शेवटी बहुधा 'इग', 'लिख', 'बार', 'लोस' असा एखादा प्रत्यय असतो. शिवाय नामापूर्वी येताना ते विभक्तिप्रत्यय घेते आणि त्यामुळे त्याचे शेवटचे अक्षर पुन्हा नव्याने जुळते. समास, तद्धित आणि विभक्ती ह्या तिन्ही क्रिया एकाच शब्दात घडताना पाहावयाच्या असतील, तर विशेषणाकडेच जावे लागते.

जर्मनीतील कोणत्याही सरकारी पत्रकात भेटणारे एक विशेषण घेऊ : 'गेनेमिगुंग्सप्फ्लिख्टिग', म्हणजे 'ज्यास परवानगी घेणे बंधनकारक आहे असे'. घर बांधणे, झाड तोडणे, दुकानावर पाटी लावणे ह्यांपैकी कशास परवानगी लागते आणि कशास नाही, हे सांगताना हा शब्द येतो. त्याचे घटक पाडले तर ते असे पडतात :

गे + नेम + इग + उंग + स + प्फ्लिख्ट + इग

'गेनेम' म्हणजे रुचणारे, मान्य होणारे. 'इग' लागून त्याचा धातू होतो, मान्य करणे. 'उंग' लागून भाववाचक नाम होते, मान्यता किंवा परवानगी. 'स' हा सांधा. 'प्फ्लिख्ट' म्हणजे कर्तव्य, बंधन. आणि शेवटचा 'इग' विशेषण घडवितो. एकूण सात घटक आणि त्यांमधील सहा सीमा.

आता अक्षरे पाहू :

गे-ने-मि-गुंग्स-प्फ्लिख-टिग

अक्षरे सहा, त्यांमधील सीमा पाच. घटकांच्या सहा सीमांपैकी अक्षरांच्या सीमेशी जुळणाऱ्या फक्त दोन आहेत : 'गे' नंतरची आणि सांध्याच्या 'स' नंतरची. 'नेम' मधील 'म' हा 'इग' कडे गेला आणि 'मि' झाले. त्या 'इग' मधील 'ग' पुन्हा 'उंग' कडे गेला आणि 'गुंग' झाले. 'प्फ्लिख्ट' चा 'ट' पुढे जाऊन 'टिग' झाले. 'स' हा घटक म्हणून वेगळा असला तरी अक्षर म्हणून त्यास अस्तित्व नाही. तो मागील अक्षराच्या पोटात सामावला आहे. जे अक्षरांवरून घटक ओळखू पाहतात त्यांची येथे सहापैकी चार ठिकाणी फसगत होईल.

ह्याच शब्दात आणखी एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. 'इग' हा घटक त्यात दोनदा आला आहे, पण त्याचा उच्चार दोन ठिकाणी सारखा होत नाही. पहिल्या 'इग' मधील 'ग' पुढील अक्षराच्या आरंभी गेल्यामुळे तो स्वच्छ 'ग' असा उच्चारला जातो. शेवटच्या 'इग' मधील 'ग' अक्षराच्या अंती राहतो, आणि तेथे प्रमाण उच्चारात तो अघोष तालव्य घर्षक होतो. दक्षिणेकडे त्याचा 'क' होतो. परंतु हेच विशेषण नामापूर्वी येऊन त्यास 'ए' हा विभक्तिप्रत्यय लागला, की अक्षरे सात होतात, '-टि-गे' असा शेवट होतो आणि हरवलेला 'ग' परत येतो. एकाच घटकाचे हे रूपांतर घटकाच्या स्वरूपावरून कळत नाही. तो अक्षरात कोठे बसला आहे ह्यावरून कळते. तेव्हा अक्षरविभाग हा केवळ ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याच्या सोयीचा प्रश्न आहे, असे म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही.

३

आता 'फार्बे' ह्या शब्दाकडे वळू. त्यापासून झालेली तीन विशेषणे शेजारी ठेवून पाहावीत : 'फार्बिग' (रंगीत), 'फार्बलोस' (रंगहीन) आणि 'फार्बएख्त' (पक्क्या रंगाचे). तिहींतही मूळ शब्दाचा अंत्य 'ए' गळून 'फार्ब' उरला आहे.

जर्मनमध्ये अक्षराच्या अंती येणारा घोष स्पर्श अघोष होतो, हा सर्वपरिचित नियम आहे. 'फार्बलोस' मध्ये 'ब' पहिल्या अक्षराच्या अंती आहे, म्हणून त्याचा 'प' ऐकू येतो. 'फार्बिग' मध्ये तो दुसऱ्या अक्षराच्या आरंभी गेला आहे, म्हणून 'ब' च राहतो. येथपर्यंत कोणी असे म्हणू शकेल की, पुढे व्यंजन आले तर 'ब' मागे राहतो आणि स्वर आला तर पुढे जातो. ह्यात शब्दघटनेचा संबंध काय? ह्या प्रश्नाचे उत्तर तिसरा शब्द देतो. 'एख्त' (अस्सल) हा शब्दही स्वरानेच आरंभ होतो. तरीही 'फार्बएख्त' मध्ये 'ब' पुढे जात नाही. तो मागेच राहतो आणि त्याचा 'प' होतो. शिवाय 'एख्त' च्या आधी कंठद्वार क्षणभर मिटते आणि मग स्वर उमटतो. स्वरापुढील हा हलका अवरोध स्वित्झर्लंडमध्ये व दक्षिणेकडील उच्चारात पुष्कळदा मवाळ होतो, म्हणून एकट्या त्यावर विसंबून चालणार नाही. परंतु प्रमाण उच्चारात 'ब' चे 'प' होणे हा पुरावा पुरेसा बळकट आहे.

ध्वनिपरिसर सारखा, तरी परिणाम निराळा. अर्थात् भेदाचे कारण ध्वनीत नसून घटनेत आहे. 'इग' हा प्रत्यय आहे. तो मूळ शब्दात विरघळतो आणि दोहोंची मिळून अक्षरे पडतात. 'एख्त' हे स्वतंत्र पद आहे. समासात येऊनही ते आपली हद्द सोडत नाही. ह्यावरून एक साधा नियम हाती लागतो : जर्मनमध्ये अक्षरविभाग समासाच्या प्रत्येक पदाच्या आत होतो, पदाची हद्द ओलांडून होत नाही. स्वराने आरंभ होणारे प्रत्यय पदाच्या हद्दीच्या आत येतात. समासातील उत्तरपद बाहेर राहते. उपसर्गही बहुशः बाहेरच राहतात : 'उनआबहेंगिग' (स्वतंत्र) ह्या विशेषणात 'उन' चा 'न' पुढच्या 'आ' कडे जात नाही.

निकोलाय त्रुबेत्स्कोय ह्याने १९३९ साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वनविचारावरील ग्रंथात 'सीमासंकेत' अशी एक संकल्पना मांडली. काही ध्वनिविशेष अर्थभेद करण्यासाठी नसतात. शब्दाची वा घटकाची सीमा कोठे आहे एवढेच ते श्रोत्यास सुचवितात. 'फार्बएख्त' मधील अघोष झालेला 'ब' आणि 'ए' पूर्वीचा अवरोध हे दोन्ही असेच संकेत होत. जर्मन श्रोता नऊ अक्षरांचा शब्द न गडबडता ऐकू शकतो, ह्याचे रहस्य त्याच्या असाधारण स्मरणशक्तीत नाही. शब्दाच्या पोटात मैलाचे दगड रोवलेले असतात, ह्यात आहे.

४

ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याविषयीचा पारंपरिक जर्मन नियम ह्या प्रकाशात तपासण्यासारखा आहे. नियम असा : साधे व प्रत्ययान्त शब्द उच्चारातील अक्षरांप्रमाणे तोडावेत, सामासिक शब्द त्यांच्या घटकपदांप्रमाणे तोडावेत. ह्या नियमावर घेतला जाणारा आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक आहे. एकच नियम अर्धा उच्चारास आणि अर्धा अर्थास प्रमाण मानतो. हा दुटप्पीपणा नव्हे काय? मीही पूर्वी असेच म्हणत असे. परंतु वर जे दाखविले त्यावरून हा आक्षेप टिकत नाही. सामासिक शब्द पदांप्रमाणे तोडणे म्हणजे उच्चाराची उपेक्षा नव्हे, कारण जर्मन माणूस बोलतानाही तेथेच तोडतो. नियमाची दोन वाक्ये भाषेतील एकाच वस्तुस्थितीची दोन अंगे आहेत.

नियमाचे खरे दोष निराळ्या जागी होते, आणि १९९६ च्या लेखनसुधारणेने त्यांपैकी काही दूर केले. 'लुस्टिग' (गमतीदार) हा शब्द पाहा. घटक 'लुस्ट + इग'. उच्चारातील अक्षरे 'लुस-टिग'. जुन्या नियमात मात्र 'स' आणि 'ट' ही जोडी न तोडण्याचा दंडक असल्यामुळे 'लु-स्टिग' असे तोडावे लागे. ह्या विभागास उच्चाराचाही आधार नव्हता आणि घटनेचाही. जुन्या छापखान्यातील जोडखिळ्याशी त्याचा संबंध जोडला जातो. सुधारणेनंतर 'लुस-टिग' हेच रूप मान्य झाले.

दुसरे उदाहरण 'हेल' (उजळ) आणि 'लिख्ट' (प्रकाशमय) ह्यांच्या समासाचे. भर दिवसा, ढळढळीत उजेडात, असे म्हणताना हे विशेषण योजतात. 'हेल' च्या शेवटी जर्मन लेखनात दोन 'ल' आहेत आणि 'लिख्ट' च्या आरंभी एक. तिन्ही 'ल' एकापुढे एक आले आणि त्यांच्यापुढे स्वर असला, तर जुन्या नियमाने एक गाळला जाई. पण शब्द ओळीच्या शेवटी तुटला की गाळलेला 'ल' परत येई. अखंड शब्दात समासाची सीमा झाकावयाची आणि तुटलेल्या शब्दात ती उघडी करावयाची, हा खरा दुटप्पीपणा होता. आता तिन्ही 'ल' लिहिले जातात. दिसण्यात ते बोजड वाटतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु घटना झाकली जात नाही, हा लाभ मोठा आहे.

तिसरी सुधारणा अधिक विचारणीय आहे. 'हिन' आणि 'आउफ' ह्यांचे मिळून झालेले क्रियाविशेषण (वरच्या दिशेने, वक्त्यापासून दूर) पूर्वी 'हिन-आउफ' असेच तोडीत. आता 'हि-नाउफ' हेही चालते. 'पेडागोगिश' (अध्यापनशास्त्रीय) हे ग्रीक मुळाचे विशेषण पूर्वी 'पेड-आगोगिश' असे तोडावे लागे, कारण मूळ ग्रीक पदे तशी आहेत. आता 'पे-डागोगिश' हाही विभाग मान्य आहे. शब्द मुळात सामासिक असला तरी बोलणाऱ्यास तो तसा वाटत नसेल, तर तो साध्या शब्दाप्रमाणे तोडता येतो, असे ह्या सुधारणेचे तत्त्व आहे. अनेकांनी ह्यास शिथिलता म्हटले. मला ती शिथिलता वाटत नाही. समासाची सीमा व्युत्पत्तिकोशात नसते, बोलणाऱ्याच्या बोलण्यात असते. तेथे ती मिटली की अक्षरे तिच्यावरून वाहू लागतात. 'हिनआउफ' मधील 'न' बोलताना सर्रास पुढे जातो, म्हणजे तेथील सांधा बुजला आहे. नियमाने त्याची नोंद घेतली एवढेच.

वाचकाच्या दृष्टीने ह्या प्रश्नाचे महत्त्व किती, हे 'एर्ब्लिख' ह्या लेखनावरून कळेल. 'एर्ब-लिख' असे तोडले तर ते 'आनुवंशिक' ह्या अर्थाचे विशेषण होते. आघात पहिल्या अक्षरावर आणि 'ब' चा उच्चार 'प'. 'एर-ब्लिख' असे तोडले तर तेच 'फिका पडला' ह्या अर्थाचे क्रियापद होते. आघात दुसऱ्या अक्षरावर आणि 'ब' तसाच घोष. छापलेल्या ओळीत दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात.

५

सांध्यातील 'स' विषयी स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे, कारण त्यावर जर्मन वाङ्मयात एक नामांकित वाद झाला. 'गेनेमिगुंग' हे नाम स्त्रीलिंगी आहे. स्त्रीलिंगी नामाच्या षष्ठीस 'स' लागत नाही. मग समासात 'गेनेमिगुंग्स' का? प्रसिद्ध कादंबरीकार जाँ पाउल ह्यास हा 'स' इतका खटकला की, १८२० साली त्याने जोडशब्दांवर स्वतंत्र पुस्तक लिहून तो काढून टाकण्याची शिफारस केली. याकोब ग्रिमसारख्या व्याकरणकारांशी ह्या बाबतीत त्याचे मतभेद झाले. भाषेने जाँ पाउलचे ऐकले नाही. आज 'उंग' ने शेवट होणारे नाम समासाच्या पूर्वपदी आले की त्यास हा 'स' जवळजवळ नियमाने लागतो.

जाँ पाउलची चूक तर्काची नव्हती. चुकीच्या ठिकाणी तर्क लावल्याची होती. त्याने 'स' मध्ये विभक्ती शोधली आणि ती न सापडल्यामुळे 'स' निरर्थक ठरविला. परंतु अक्षरविभागाच्या अंगाने पाहता त्याचे प्रयोजन दिसू लागते. 'गुंग्स' ह्या अक्षराचा शेवट 'स' मुळे जड होतो. येथे एक पद पुरे झाले, आता दुसरे सुरू होते, अशी खूण त्यातून मिळते. अलीकडील काही जर्मन अभ्यासकांनीही सांध्यातील 'स' चे कार्य पदाची उजवी कड दाखविणे हे असल्याचे प्रतिपादिले आहे. हे मत सर्व उदाहरणांना सारखेच लागू पडते असे मला म्हणावयाचे नाही. 'फार्बएख्त' मध्ये 'स' नाही, तरी सीमा स्पष्ट आहेच. पण ज्या पूर्वपदांत प्रत्ययांमागून प्रत्यय येऊन अंतर्गत सीमा पुसल्या गेल्या आहेत, तेथे मुख्य सीमा ठळक करणाऱ्या चिन्हाची गरज अधिक भासावी, हे स्वाभाविक आहे.

ह्या दृष्टीने 'सोत्सियालफेरझिखेरुंग्सप्फ्लिख्टिग' (सामाजिक विम्याचे बंधन असलेला) हे विशेषण उद्बोधक आहे. १८८३ च्या आजारविम्यापासून १८८९ च्या वृद्धत्वविम्यापर्यंत बिस्मार्कच्या कारकिर्दीत जर्मनीत सामाजिक विम्याचे जे कायदे झाले, त्यांच्या परंपरेतील ही शब्दसंपत्ती. लेखनाप्रमाणे ह्याची अक्षरे नऊ पडतात : सो-त्सि-याल-फेर-झि-खे-रुंग्स-प्फ्लिख-टिग. बोलताना 'त्सि-याल' चे 'त्स्याल' होऊन आठच उरतात. एवढ्या मोठ्या शब्दात श्रोत्यास दोनच मोठे सांधे ओळखावे लागतात, 'याल' नंतरचा आणि 'रुंग्स' नंतरचा. दोन्ही ठिकाणी अक्षरसीमा आणि पदसीमा तंतोतंत जुळतात.

६

अक्षरविभागाचे महत्त्व सांगून झाल्यावर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर एका एकांगी मताच्या जागी दुसरे आणल्यासारखे होईल.

पहिली मर्यादा आघाताची. 'ब्लूटआर्म' ह्या विशेषणाचा विभाग 'ब्लूट-आर्म' असाच होतो. 'ब्लूट' म्हणजे रक्त, 'आर्म' म्हणजे गरीब किंवा उणा. आघात केवळ पूर्वपदावर दिला तर अर्थ 'रक्तक्षय झालेला' असा होतो. दोन्ही पदांवर दिला तर 'अतिशय दरिद्री' असा. दुसऱ्या अर्थी 'ब्लूट' चा रक्ताशी संबंध उरत नाही, ते केवळ आधिक्य दाखविते. अक्षरे तीच, सीमा तीच. समासाचा प्रकार मात्र बदलला.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. पदे कोणत्या क्रमाने जुळली, हे अक्षरे सांगू शकत नाहीत. 'गेनेमिगुंग्सप्फ्लिख्टिग' हे 'परवानगीचे बंधन' ह्या समासास 'इग' लागून झाले, की 'परवानगी' ह्या नामास 'बंधनयुक्त' हे विशेषण जोडून झाले? 'प्फ्लिख्टिग' हे विशेषण आज स्वतंत्रपणे जवळजवळ आढळत नाही, म्हणून पहिला पक्ष बळकट दिसतो. पण करपात्र, शुल्कपात्र, शाळेत जाणे बंधनकारक असलेला, अशा अर्थांच्या अनेक शब्दांत ते उत्तरपद म्हणून इतके रुळले आहे की दुसरा पक्षही नाकारता येत नाही. कोणताही पक्ष घेतला तरी अक्षरे बदलत नाहीत.

काही विशेषणांत मात्र निर्णय निःसंदिग्धपणे करता येतो. 'ब्लाउऑयगिग' म्हणजे निळ्या डोळ्यांचा. 'ब्लाउ' निळा, 'आउगे' डोळा. 'ऑयगिग' असा स्वतंत्र शब्द जर्मनमध्ये नाही. तेव्हा 'इग' हा प्रत्यय 'निळा डोळा' ह्या संपूर्ण पदसमूहास लागला आहे असेच म्हणावे लागते. 'द्रायश्टोकिग' (तिमजली) ह्याचेही तसेच. जर्मन व्याकरणकार ह्या प्रकारास 'त्सुझामनबिल्डुंग' म्हणतात. समास आणि तद्धित ह्या दोन क्रिया एकदम घडल्या, असा त्याचा भाव.

आपल्या वाचकांना ह्यात नवे काही वाटणार नाही. पाश्चात्त्य व्याकरणाने समासांची 'तत्पुरुष', 'बहुव्रीही', 'द्वंद्व' ही नावे आपल्याकडूनच घेतली. 'अष्टाध्यायी'च्या पाचव्या अध्यायाच्या चौथ्या पादात समासान्त प्रत्ययांचे प्रकरण आहे, आणि बहुव्रीहीत शरीरावयववाचक 'अक्षि' शब्दाचे 'अक्ष' होते ते त्या प्रकरणातील एका प्रत्ययामुळेच. 'नीलाक्ष' आणि 'ब्लाउऑयगिग' ह्या दोहोंत डोळ्याचा शब्द समासात आल्यावरच बदलावा, हे साम्य लक्षणीय आहे. मराठीत 'दुमजली', 'चौपदरी', 'दुतोंडी' ही विशेषणे ह्याच जातीची. 'मजली' हा शब्द एकटा वापरात नाही. आणि 'तोंडी' हा आहे, पण त्याचा अर्थ 'मौखिक' असल्यामुळे 'दुतोंडी साप' ह्यात त्याचा काही उपयोग नाही. ह्या सर्व ठिकाणी 'ई' हा प्रत्यय आधीच्या जोडीस मिळून लागला आहे. आणि 'तों-डी' मध्ये 'ड' जसा पुढे गेला, तसाच 'ऑय-गिग' मध्ये 'ग' पुढे गेला आहे.

७

साम्य येथे संपते आणि ज्या भेदामुळे आपले विद्यार्थी अडखळतात तो येथेच सुरू होतो. संस्कृत समासात पदे संधीने एकजीव होतात. 'नील' आणि 'अक्ष' ह्यांचा 'नी-लाक्-ष' असा अक्षरविभाग होतो. पदसीमा दुसऱ्या अक्षराच्या पोटात बुडून जाते. जी सीमा कानाला ऐकू येत नाही ती डोळ्याला दाखविण्यासाठी वैदिक परंपरेस पदपाठ सिद्ध करावा लागला, आणि समासाची पदे अवग्रहाने वेगळी दाखवावी लागली. जर्मनला अशा पदपाठाची गरज कमी भासते, कारण त्याचे काम उच्चारच करतो. मराठीचे स्थान ह्या दोहोंच्या मध्ये आहे. 'सूर्योदय' आपण संस्कृताच्या वळणाने जोडतो. पण 'बिनअट', 'बिनआवाजी' ह्यांत शब्दाच्या मध्यभागी स्वतंत्र स्वरचिन्ह लिहून सांधा उघडा ठेवतो. बोलण्यात तो नेहमी तितकाच स्पष्ट राहतो असे नाही, परंतु लेखनात त्याची जाणीव शाबूत आहे.

मराठी विद्यार्थी 'फार्बएख्त' वाचताना 'फार्बेख्त' म्हणतो, त्याचे कारण त्याचा आळस नाही. संधीने घडलेले त्याचे कान दोन पदे दिसताच ती जोडतात. त्यास 'सूर्योदय' चे नव्हे, 'बिनअट' चे उदाहरण दिले तर चूक लवकर सुधारते, असा माझा अनुभव आहे. उलट, 'मूळ शब्द अभंग राखा' अशी शिकवण देऊन आपण त्याच्याकडून 'फार्ब-इग' वदवून घेतो, ते तर कोणत्याच नियमात बसत नाही. 'ब' चा 'प' करून बोललेला 'फार्पिग' जर्मन कानास परका वाटतो.

म्हणून अध्यापनात प्रत्येक दीर्घ विशेषण फळ्यावर दोन ओळींत मांडावे, अशी सूचना करावीशी वाटते. वरच्या ओळीत घटक, खालच्या ओळीत अक्षरे. आणि जेथे दोन्ही सीमा एकाखाली एक येतील तेथे उभी रेघ ओढावी. ज्या रेघांपाशी स्वतंत्र पद सुरू होते त्या समासाच्या असतील, बाकीच्या बहुधा उपसर्गांच्या वा व्यंजनाने आरंभ होणाऱ्या प्रत्ययांच्या. जेथे रेघ ओढता येणार नाही तेथे प्रत्यय विरघळला आहे, किंवा सांध्याचा 'स' मागे चिकटला आहे, असे समजावे. शब्द तोडा, हा जुना सल्ला ह्या दुहेरी मांडणीवाचून अपुरा आहे.

ज्या उत्तरपत्रिकेचा आरंभी उल्लेख केला तीत अशी रेघ ओढलेली नव्हती. पण ती कोठे पडते आणि कोठे पडत नाही, हे त्या विद्यार्थिनीच्या कानाने अचूक ओळखले होते. कापलेला तो गुण आता परत देता येत नाही. निदान त्याचे कारण नीट मांडून ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.